मागच्या खोलीचं दार

दुपार झाली की माझ्या वहिनीचं डोकं चढायचं. मग ती जुन्या धोतराची पट्टी कपाळाला करकचून बांधायची आणि मागच्या खोलीचं दार लावून घ्यायची. दांडिया बाजारातल्या आमच्या घरात सुनेनं दिवसा आडवं व्हायला तेवढं एकच कारण चाले.

साताऱ्याहून आली तेव्हा ती जेमतेम विशीतली, गणितात पदवी घेतलेली आणि भारी मिस्कील. "मंजू, तुमच्या वरणात गूळ आहे की गुळात वरण?" असं माझ्या कानात विचारायची. आमच्याच शहरात फतेगंजला तेव्हा कॉम्प्युटरचे क्लास नव्यानेच निघाले होते. तिला शिकायचं होतं. "घरात काय कमी आहे?" आई म्हणाली. दादानं पेपरमधून डोकं वर न काढता "बघू" म्हटलं. त्याचं ते बघणं काही झालं नाही. डोकं सुरू झालं ते त्यानंतर.

आईनं पित्त ठरवलं आणि मोरावळा सुरू केला. शेजारच्या गुजराती हंसाबेनची सून जागृती वहिनीच्याच वयाची. तिचा हात सदा छातीवर. "मने तो बहु गभरामण थाय छे," म्हणायची, म्हणजे जीव फार घाबरतो. तिला ओवा मिळे. गच्चीवर पापड घालताना वहिनी तिला म्हणायची, "तुझं छातीत, माझं डोक्यात. मुक्काम वेगळे, पाहुणा एकच."

शेवटी मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. आई शेजारीच बसलेली. "मनाला उदास वाटतं का?" डॉक्टरांनी विचारलं. वहिनीनं आईकडे पाहिलं. "छे! उदास कशानं? सगळं आहे की."

गोळ्या मिळाल्या, आणि त्या लागूही पडल्या. डोकं उतरलं तशी मागच्या खोलीत धान्याची पिंपं गेली आणि दुपारी येणाऱ्या भिशीच्या बायकांचा चहा-नाश्ता वहिनीच्या गळ्यात पडला. मला आईचा भयंकर राग यायचा.

एक दिवस वहिनी मोरीत गोळ्या ओतताना दिसली. "सांगू नकोस," ती म्हणाली. "डोकं दुखायचं थांबलं, तर माझं असं उरतं काय?" आठवड्याभरात पट्टी परत आली, पिंपं हलली आणि दार पुन्हा लागू लागलं.

पुढे माझं लग्न अमेरिकेतल्या मुलाशी ठरलं. निघताना वहिनीनं माझ्या बॅगेत, साड्यांच्या खाली, धुऊन घडी घातलेली एक पट्टी ठेवली.

"अगं, तिथं असलं कोण बांधतं? तिथल्या बायका सरळ सांगतात म्हणे, मन ठीक नाही म्हणून."

"तूही सांगून बघ," ती म्हणाली. "आणि कुणी ऐकून घेतलं, तर मला फोन कर."

तो फोन मी अजून केलेला नाही.