दहाव्या दिवशीची ब्रेक टेस्ट

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. डोळ्यांनी बग दिसल्याशिवाय तो आहे असं मी मानत नाही, मग भूतखेत तर सोडाच... तरीही हे लिहितेय.

गाझियाबादमधल्या आमच्या सोसायटीचं बेसमेंट पार्किंग, सकाळचे साडेसात. फार पूर्वी बसवलेले ब्रेस्ट इम्प्लांट काढून मला दहा दिवस झाले होते. नवरा सोडून कोणालाच ते माहीत नव्हतं. आठ वर्षांच्या इराला, माझ्या मुलीला, 'पोट दुखतंय' एवढंच सांगितलं होतं. नवरा बंगळुरूला, शाळेची व्हॅन बंद, इराची परीक्षा, आणि कॅब दोनदा कॅन्सल.

सर्जन मॅडमनी बजावलं होतं, "पेनकिलर बंद हुए बिना गाड़ी नहीं चलानी. पहले खड़ी गाड़ी में ज़ोर से ब्रेक दबाकर, स्टीयरिंग घुमाकर देखना. फिर भी मुझसे पूछकर."

मी अतिशहाणी. सातला गोळी घेतली, इराला गाडीत मागे बसवलं आणि मग टेस्ट केली. ब्रेक, स्टिअरिंग... काहीच दुखलं नाही. चलो, पास. किल्ली फिरवणार, इतक्यात—

"अगं, हा गोळीचा अंमल आहे. तो उतरू दे, मग दाबून बघ."

मागच्या सीटवरून. आवाज इराचाच, पण आई लेकीला समजावते तसा, सावकाश. इराचं मराठी म्हणजे "मम्मा, मेरा टिफिन दे ना". अंमल वगैरे शब्द तिनं कुठून आणावेत? आणि गोळीचं तर तिला ठाऊकच नव्हतं.

मी वळून पाहिलं. ती पाढे पुटपुटत होती.

"इरा, काय म्हणालीस?"

"मैंने? कुछ नहीं. चलो ना मम्मा, लेट होतंय."

अंगावर काटा आला, पण खरं सांगते, भीती वाटली नाही. कोणीतरी खूप मोठं, मायेचं माणूस गाडीत बसलंय असं वाटलं. मी मुकाट्यानं उतरले. शेजारच्या आंटी नातवाला सोडायला निघाल्या होत्या, त्यांनी इराला नेलं.

दुपारची गोळी मुद्दाम घेतली नाही. चारला खाली जाऊन तीच टेस्ट केली. ब्रेक दाबून स्टिअरिंग झटक्यात वळवलं आणि छातीत अशी कळ गेली की दोन्ही हात सुटले. गाडी उभी होती म्हणून... सकाळी रस्त्यावर अचानक याहून जोरात ब्रेक मारावा लागला असता आणि गोळी असूनही हात असेच सुटले असते तर? मागे इरा होती.

पुढे गोळ्या थांबून मॅडमनी 'हो' म्हणेपर्यंत मी गाडी चालवली नाही. त्या दुपारी मात्र तिथेच बसून बराच वेळ रडले. मग मागच्या रिकाम्या सीटकडे वळून हात जोडले. कोणाला जोडले, ते मला आजही सांगता येत नाही.