आबांच्या रक्तातली चुकार मेंढरं

पंचवीस वर्षं लोकांच्या शिरा शोधतोय. रक्त ट्यूबमधून लॅबला जातं, किस्से माझ्याकडं राहतात. आणि बहुतेकांत मूर्ख मीच असतो. शिरूरला आमचं कलेक्शन सेंटर. हे किस्से न्हावऱ्याच्या आबांचे. त्यांना फुफ्फुसाचा कॅन्सर. गाठीतून सुटून रक्तात फिरणाऱ्या पेशी मोजल्या की आजार पुढं कसा वागेल, याचा डॉक्टरांना थोडा अंदाज येतो. रक्त मी काढायचं आणि पुण्याच्या लॅबला पोचवायचं.

*

पहिली ट्यूब मी बर्फात नेली. लॅबच्या मॅडमना वर ऐकवलं, "कुल्फीसारखी गार आणलीय बघा!" या ट्यूबला बर्फ चालत नाही, हे तिच्यावरच छापलेलं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुई घेऊन आबांपुढं उभा. त्यांनी हात पाठीमागं लपवला.

"डाक्टर, चूक तुझी आन् भोक मला व्हय?"

*

दुसरी ट्यूब हिंदकळू नये म्हणून शर्टाच्या आत बांधली आणि गाडी अशी चालवली, की उसाचा ट्रॅक्टर मला ओव्हरटेक करून गेला. ड्रायव्हर मागं वळून म्हणाला, "मामा, दोर टाकू का?"

*

रिपोर्ट आला: अकरा पेशी. आमच्या घरचं दूध डेअरीला जातं. फॅटचा आकडा वाढला की घरात आनंद, तेच डोक्यात! मी पेढे घेऊन आबांकडं. त्यांनी एक खाल्लाही. मग त्यांच्या सुनेनं लॅबच्या मॅडमना फोन लावला, तेव्हा कळलं, इथं आकडा कमी तेवढा बरा.

आबांनी पुडा माझ्याकडं सरकवला. "बाकीचं तूच खा."

*

आबांचं घराणं मेंढपाळांचं. आता शेती करतात, तरी पाच-सहा मेंढ्या दारात आहेतच. पेशी म्हणजे काय ते मी समजावणार, तर त्यांनीच मला समजावलं. "कळप सोडून फिरणारी चुकार मेंढरं ती. कुठं जाऊन बसतील, भरवसा न्हाई." आणि ठरवूनच टाकलं, औषधानंतर आकडा वाढला तर मेंढ्या विकायच्या. आपल्यामागं शेती सोडून त्यांच्याकडं बघायचं कुणी?

*

औषधाचे डोस झाले, पुन्हा रक्त गेलं. रिपोर्ट घेऊन पोचलो, तर अंगणात आबांनी आधीच बोलावलेला व्यापारी मेंढीचं तोंड उघडून दात बघत होता. मी गाडीवरूनच ओरडलो, "आबा, दोन! अकराचे दोन झाले!"

आबांनी त्याच्या हातातून मेंढी सोडवली. तो गेला. मी पेढ्यांचा पुडा काढला, त्याच्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"एकदाच मोजलं?"

"हो."

"चुकार मेंढरं एका मोजणीत घावत न्हाईत."

ते ओट्यावर बसले, बाही वर सारली आणि हात माझ्यापुढं धरला.

"काढ परत. आन् बर्फात ठिवू नको."