अक्काच्या गिरणीत न टाकलेलं पत्रक

माझी बायको हे न ऐकताच गेली. दोन्ही पोरींना ठाऊक नाही. आजवर हे माझ्या तोंडून कुणापाशी निघालेलं नाही – का नाही निघालं, ते पुढं कळेलच तुम्हाला.

मी चौथीपर्यंत शिकलो. कोल्हापुरात एका फौंड्रीत साचे भरत जन्म गेला. अक्षराला अक्षर जोडून वाचायचो, पण गल्लीत माझ्या शब्दाला वजन होतं. ते कशामुळं? साहेबांमुळं. साहेब म्हणजे आमच्या भागाचे आमदार. मोबाईल यायच्या आधीची गोष्ट आहे ही. वर्षातून तीनदा त्यांचं चार पानी पत्रक निघायचं – उन्हाळ्यात, पावसाच्या तोंडावर आणि दिवाळीला. कुठली गटार मंजूर झाली, दाखल्यांचं शिबिर कुठल्या शाळेत, रेशन कार्डावर नाव चढवायला कुणाला भेटायचं, म्हाताऱ्यांच्या पगाराचा, म्हणजे सरकारी पेन्शनचा अर्ज कुठं द्यायचा – सगळं त्यात. आमची गल्ली आणि मागची बोळ माझ्याकडं होती. नुसतं वाटून भागायचं नाही, बायका दारात उभं करून विचारायच्या, "अण्णा, काय हाय ह्यात?" म्हणून आदल्या दिवशी मी घरी बसून पत्रक दोन-तीनदा वाचून काढायचो. खरं सांगतो, मला धड वाचायला शिकवलं ते त्या पत्रकानं. त्याचे उपकार मी मानतो.

आता गिरणीचं सांगतो. गल्लीच्या तोंडाला पिठाची गिरण, सुवर्णाक्का आणि तिचा नवरा मल्लाप्पा यांची. निपाणीकडची माणसं, घरात कानडी बोलायची, आमच्याशी मराठी. मल्लाप्पा चेष्टेखोर. मी पत्रकं घेऊन निघालो की गिरणीच्या आवाजापेक्षा मोठ्यानं ओरडायचा, "या आमदार! काय म्हणतोय मतदारसंघ?" मला राग यायचा आणि बरंही वाटायचं.

आमच्याकडं घर कुणाचं, हे मतदानादिवशी ठरायचं. मतदारांना चिठ्ठ्या द्यायचं टेबल ज्या कट्ट्यावर लागलं, ते घर त्या पार्टीचं – पुढची पाच वर्षं. एका निवडणुकीत अक्कानं गिरणीचा कट्टा समोरच्या पार्टीला दिला. कट्टा मोक्याचा, वर पत्र्याची सावली. मी तिला चार लोकांत म्हणालो, "अक्का, हे टेबल उचलायला सांगा." ती हात पुसत बाहेर आली. म्हणाली, "अण्णा, त्यांनी आधी विचारलं, म्या व्हय म्हटलं. कट्टा माझा हाय. तुमच्या सायबाचा न्हवं." लोक हसले. मल्लाप्पाही हसला.

एवढंच झालं. एवढ्यानं काय होतं माणसाला? – मला झालं.

साहेब निवडून आले. पहिलं पत्रक न्यायला ऑफिसात गेलो, तर साहेब स्वतः म्हणाले, "निवडणूक संपली. आता कुणाचं घर कुठलं, ते बघायचं न्हाय. हरएक दारात गेलं पायजे." हे मी माझ्या कानानं ऐकलंय. म्हणून त्यांच्यावर यातलं काही येत नाही. ज्या घरांनी तिकडं टेबल लावलं, ती तीन-चार घरं मी माझ्या मनानं गाळली. गिरण त्यातच.

वर्ष-दीड वर्ष असंच चाललं. अक्का तो टेबलाचा विषय कधीच विसरून गेली होती. दळण घेऊन गेलो की पहिल्यासारखंच बोलायची. विसरलो नव्हतो तो मी.

मग एका पावसाच्या तोंडावरची गोष्ट. मी पत्रकं वाटत निघालो होतो, पिशवी सायकलच्या हँडलला. अक्कानं हाक मारली. म्हणाली, "मालक हल्ली सारखे धडकायला लागल्यात, अण्णा. समोरचं दिसतं, बाजूचं दिसत न्हाय. काल डब्यांची रांगच पाडली." आतनं मल्लाप्पा म्हणाला, "डबे वाटंत ठेवतीस आणि डोळ्याला नाव ठेवतीस व्हय?" ती हसली. मग हळू आवाजात मला म्हणाली, "सायबांचं डोळ्याचं शिबिर हाय का यंदा? पत्रकात आलं असंल की."

आलं होतं. पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात. राजारामपुरीतल्या शाळेत, एकच रविवार, मिरजेचे डॉक्टर येणार, औषध फुकट. आदल्या दिवशीच मी ते दोनदा वाचलं होतं.

मी म्हणालो, "यंदा पत्रकच निघालं न्हाय, अक्का."

पिशवी माझ्या हाताला लागत होती. मी पिशवीवर हात ठेवला आणि सायकल पुढं ढकलली.

तुम्ही म्हणाल, गिरणीत अख्खी गल्ली येते, तिला दुसऱ्या कुणी सांगितलं नसेल? सांगितलं की. शिंप्याच्या बायकोनं सांगितलं. तर अक्का तिला काय म्हणाली माहीत आहे? "अण्णा न्हाय म्हणाल्यात, म्हंजे न्हाय. दुसऱ्या वॉर्डाचं असंल ते." शिंप्याच्या बायकोनंच नंतर मला हे हसत हसत सांगितलं. तेव्हा शिबिराला अजून चार दिवस होते. चार दिवस! मी जाऊन सांगू शकत होतो. मग कळलं असतं की मी खोटं बोललो – आणि मला ते नको होतं. माझ्या शब्दाचं वजन मला मल्लाप्पाच्या डोळ्यांहून मोठं वाटलं.

पुढं दीडेक वर्षानं मल्लाप्पाला एका डोळ्यानं दिसेना झालं. डॉक्टरांकडं घेऊन जायला अक्कानं मलाच बोलावलं. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही. दुसरा डोळाही बराच गेलाय, औषध देऊ, पण फार धरून ठेवता येणार नाही. वर्ष-दीड वर्ष आधी आला असता तर थांबवता आलं असतं. अक्का म्हणाली, "आमच्या वॉर्डात शिबिरच झालं न्हाय, डॉक्टर. विचारा की ह्यांना." डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं बघत राहिलो.

दोन-तीन वर्षांत मल्लाप्पाला पूर्ण अंधार झाला. मी धावपळ केली. साहेबांच्या ऑफिसातनं अपंगाचा दाखला काढला, एसटीचा पास केला, महिन्याच्या पगाराचा अर्ज मंजूर करून आणला. त्या ऑफिसातल्या माणसांनी एकदाही हेलपाटा मारायला लावला नाही, हे मी कबूल करतो. दिवाळीच्या पत्रकात फोटो आला – मल्लाप्पा, हातात दाखला, शेजारी मी. खाली माझं नाव, 'तत्पर कार्यकर्ते'. ते पत्रक मी गल्लीत एक घर न गाळता वाटलं.

आणि ती माणसं? काय सांगू तुम्हाला. माझी बायको गेल्यावर सहा वर्षं रोज सकाळी गिरणीत माझ्यासाठी भाकरी असायची. अक्कानं एक दिवस चुकवला नाही. मी मल्लाप्पाशेजारी पोत्यावर बसायचो. डोळ्यानं दिसत नसतानाही तो गिरण चालवायचा, पीठ बोटांत चोळून अक्काला सांगायचा, "जाड येतंय. दगड घट्ट कर." मला म्हणायचा, "आमदार, आज तोंड का पडलंय?" त्याला कसं कळायचं? मी गप्प बसलोय एवढ्यावरनं कळायचं. माझ्या म्हातारपणात मला जे सुख मिळालं, ते त्या पोत्यावर मिळालं. त्या दोघांचे उपकार कुठल्या तोंडानं सांगू? चांगल्या माणसाला मिळावं ते सगळं मला मिळालं, आणि मी ते रोज पोटभर खाल्लं.

दोनदा सांगायला तोंड उघडलं होतं. एकदा गिऱ्हाईक आलं. एकदा कुणीच आलं नाही, तरी मी मिटलं.

मल्लाप्पा झोपेतच गेला. माती देऊन आम्ही गिरणीपाशी आलो. निपाणीकडचे पाहुणे कट्ट्यावर बसले होते. अक्का मला हाताला धरून त्यांच्यापुढं घेऊन गेली आणि म्हणाली, "हे अण्णा. सगळ्यांनी पाठ फिरवली तरी ह्यांनी मालकांचा हात सोडला न्हाय." तिचा थोरला भाऊ उठला. माझ्याच वयाचा माणूस, गुडघ्यानं अधू. तो भिंतीला धरून खाली वाकला आणि त्यानं माझ्या पायाला हात लावला.

मी पाय मागं घेतला नाही.