‘एका दमात’ची दुसरी खेप

चांगल्या चाललेल्या कामाचे किस्से होत नाहीत. आमचं ‘एका दमात’ पहिल्यांदा टीव्हीवर होतं तेव्हाचे मला जेमतेम दोन-तीन आठवतात, तेही कोणी खोदून विचारलं तर. पण तोच कार्यक्रम परत सुरू करायचं कोणाच्या तरी डोक्यात आलं आणि किस्से असे साचायला लागले की विचारू नका! शनिवार पेठेतल्या अमृततुल्यात मी, बापू आणि दत्ता रोज सकाळी बसतो. चहा संपतो, किस्से संपत नाहीत. शेवटी अमृततुल्यवालाच म्हणाला, "ताई, लिहून काढा हे सगळं. निदान टेबल तरी मोकळं होईल."

तर आधी ओळख करून देते. ‘एका दमात’ हा प्रश्नांचा खेळ. स्पर्धकाने ओळीने पाच उत्तरं द्यायची, एक जरी चुकलं तरी बाद. प्रश्न मी काढायचे, कॅमेऱ्यावर दत्ता आणि निवेदकाच्या खुर्चीत बापू. तेव्हा मी शाळेत इतिहास शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी प्रश्न काढायचे. बापूंची एक पद्धत होती. ते उत्तरं आधी बघायचेच नाहीत. मी त्यांना फक्त प्रश्न द्यायचे, उत्तरं माझ्यापाशी. "उत्तर ठाऊक असलं की माझ्या तोंडावर दिसतं गं," म्हणायचे. त्यामुळे स्पर्धक विचारात पडला की बापूही खरोखर विचारात पडायचे, आणि घरोघरी बघणारेसुद्धा. बापूंचं उत्तर चुकलं तर ते स्वतःच मोठ्याने हसायचे. असा निवेदक मी पुन्हा पाहिला नाही.

आता बापूंनी पंच्याहत्तरी ओलांडली आहे. सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. कार्यक्रम परत येतोय म्हटल्यावर त्यांना एकच गोष्ट हवी होती. त्या खुर्चीत बसून अजून एकदा प्रश्न विचारायचा. एकच प्रश्न, पण त्या खुर्चीतून. हे त्यांनी फक्त मला आणि दत्ताला सांगितलं, म्हणजे सगळ्या पेठेला कळलं.

* * *

निहार नावाचा मुलगा बापूंना भेटायला आला. मुलगा म्हणजे असेल पस्तिशीचा, पण तो नव्या कार्यक्रमाचा क्रिएटिव्ह हेड. आल्या आल्या बापूंच्या पाया पडला.

"सर, तुमच्याशिवाय हा शो इमॅजिनच होत नाही!"

बापूंनी दुसऱ्याच दिवशी लक्ष्मी रोडला जाऊन जाकीट शिवायला टाकलं. दत्ता म्हणाला, "पाया पडला ना? मग काही खरं नाही."

दत्ताचा स्वभावच तिरका, म्हणून आम्ही लक्ष दिलं नाही. चार दिवसांनी बापूंना फोन आला, "ऑडिशनला या."

"कशाच्या?" बापूंनी विचारलं.

"होस्टच्या."

बिबवेवाडीत एक जुनं फरशीचं गोडाऊन होतं, त्याचा स्टुडिओ केला होता. तिथे तेवीस-चोवीस वर्षांची एक मुलगी ऑडिशन घेत होती. बापूंनी कॅमेऱ्यासमोर दोन प्रश्न विचारून दाखवले, अगदी पूर्वीसारखे. तिने लॅपटॉपवर जुन्या कार्यक्रमाचा एक तुकडा लावला, बघितला, परत बापूंकडे बघितलं.

"अंकल, खूप जवळ आहे. पण ओरिजिनलवाल्यात जरा जास्त एनर्जी होती. एकदा त्यांच्यासारखं ट्राय करता का?"

बापू म्हणाले, "करतो. पण ते आता म्हातारे झालेत."

मुलीने मान डोलावली. "हो का? सो सॅड!"

* * *

निवेदक म्हणून अर्णवला घेतलं. अर्णव म्हणजे रोज रात्री एका सिरियलमध्ये बायकोची माफी मागणारा हिरो. निहार बापूंची समजूत काढायला पुन्हा आला. या वेळी पेढेही आणले होते.

"सर, होस्ट अर्णव आहे, पण शोचा आत्मा तुम्हीच!"

"आत्मा म्हणजे शरीर गेलं," दत्ता पेढा खात म्हणाला.

मला बापूंचा राग आला, कारण त्यांनी नाही म्हणायला हवं होतं. पण निहारने जाता जाता एक वाक्य टाकलं. "पहिल्या एपिसोडला तुम्ही स्टेजवर आहात. ओपनिंगचा पहिला प्रश्न तुमचाच, प्रॉमिस." झालं! बापूंचा चेहरा असा काही खुलला की मी तोंडातले शब्द चहाबरोबर गिळले. एकच प्रश्न त्यांना हवा होता, आणि तेवढाच मिळणार होता.

* * *

मला पण बोलावलं होतं. पद ‘कंटेंट मेंटॉर’. मी महिनाभर खपून प्रश्न काढले. निहारने चाळून परत दिले.

"मॅम, एवढं कोणाला येतं?"

"येत नाही म्हणूनच विचारतात," मी म्हटलं.

"नाही, पण हरलेला माणूस दिसला की लोक चॅनल बदलतात. रिलेटेबल पाहिजे."

रिलेटेबल प्रश्न त्यांच्याच कोणीतरी काढले. तालमीला प्रेक्षक म्हणून पेठेतली मंडळी आणून बसवली होती, दर दहा मिनिटांनी सरबत देऊन. अर्णवने आवाज खोल करून विचारलं, "शनिवारवाडा कोणत्या शहरात आहे?" मागे ढोल वाजला, दिवे लाल झाले.

पहिल्या रांगेत शनिवार पेठेतल्या कुलकर्णी काकू बसल्या होत्या. त्या उठून उभ्या राहिल्या.

"अहो, आम्ही तिथूनच रिक्षाने आलो. तुम्हाला पत्ता हवाय का?"

त्यांना बाहेर काढलं. पण सरबत देऊन.

* * *

आता खुर्चीचं सांगते. जुना कार्यक्रम बंद पडला तेव्हा ती लाल रेक्झिनची खुर्ची बापूंनी घरी आणली होती. एका हातावरचं रेक्झिन फाटलं होतं, ते त्यांनी मोच्याकडून शिवून घेतलं होतं. निहारने मागितल्यावर बापूंनी ती आनंदाने दिली, टेम्पोत चढवताना वर स्वतःची चादरही घातली. कला विभागातल्या लोकांनी काय केलं, तर ती शिवण उसवून खुर्ची परत फाडली, कारण ‘व्हिंटेज’ दिसायला हवी! चादरीचं काय झालं ते अजून कळलेलं नाही.

एका संध्याकाळी बापू सहज सेटवर गेले. खुर्ची मधोमध, चहूबाजूंनी दिवे, खाली छोटा चौथरा. बापू चौथऱ्यावर चढले आणि सवयीने बसायला गेले, तेवढ्यात सिक्युरिटीवाला धावत आला.

"ओ आजोबा! उठा, उठा! तिथं बसायचं नाय. ती बापूंची खुर्ची हाय!"

बापू उठले. त्याला म्हणाले, "चुकलं हं." आणि रिक्षा करून घरी आले. हे त्यांनी आम्हाला हसत हसत सांगितलं. दत्ताला हसू आलं नाही. मला तर ते ऐकून रडूच आलं, आणि मी ते अमृततुल्यातल्या धुरावर ढकललं.

* * *

अर्णव वाईट मुलगा नाही. पण त्याच्या कानात यंत्र असतं आणि निहार आतून त्यात बोलत असतो. निहार ‘हस’ म्हणाला की अर्णव हसतो. बापूंना उत्तर माहीत नसायचं, याला प्रश्नही माहीत नसतो.

एका तालमीला अमरावतीकडचा एक तरुण स्पर्धक आला होता, हिंजवडीला आयटीत असणारा. अर्णवने विचारलं, "घरी कोण कोण असतं?" एवढ्यात निहारला प्रेक्षक पेंगलेले दिसले, म्हणून त्याने अर्णवच्या कानात ‘एनर्जी! टाळ्या घे!’ असं ओरडायला सुरुवात केली.

तो मुलगा सांगत होता, "आई हाय. माह्या बाबाले हा कार्यक्रम लय आवडे. आज ते पाह्यजे होते. सहा महिने झाले, बाबा गेले."

"व्वा, क्या बात है!" अर्णव उसळून म्हणाला. "बाबांसाठी एकदा जोरदार टाळ्या झाल्याच पाहिजेत!"

टाळ्या झाल्या! अगदी शिट्ट्यासुद्धा झाल्या. त्या मुलाने इकडे-तिकडे बघितलं आणि हात जोडून "धन्यवाद" म्हणाला. काय करणार बिचारा.

मी त्याच दिवशी काम सोडलं. निहारने विचारलं, "मॅम, एनी इश्यू?" मी म्हटलं, "काही नाही, आमच्याकडे माणूस गेल्यावर टाळ्या वाजवत नाहीत, एवढंच." तो म्हणाला, "एडिटमध्ये काढू."

* * *

बापूंना मात्र त्यांनी रोज बोलवायला सुरुवात केली. कशाला, तर रेकॉर्डिंगला. एका काचेच्या खोलीत बसवून त्यांच्याकडून वाटेल ते वाचून घ्यायचे. आकडे, तालुक्यांची नावं, भाज्यांची नावं, रागावून बोला, हसून बोला. बापू खूश होते. "माझ्याशिवाय चालत नाही त्यांचं," आम्हाला सांगायचे. हे कशासाठी, असं मी विचारलं तर म्हणाले, "प्रोमोसाठी असेल." जन्मभर दुसऱ्यांना प्रश्न विचारले, पण स्वतःसाठी एक विचारायचं त्यांना सुचलं नाही.

मग एका दुपारी त्यांच्या दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे परांजपे बनियनवर उभे, तोंड लाल.

"बापू, वय काय तुमचं? दुपारी दोन वाजता रिक्षात बसून गल्लीतून ओरडत जायचं? माणसं झोपतात हो या वेळी!"

"अहो, मीही झोपलो होतो!"

"मग खाली कोण ओरडतंय?"

बापू गॅलरीत गेले. खालून खरंच एक रिक्षा चालली होती. टपावर कर्णा, आणि कर्ण्यातून बापू बोलत होते, "हाय फ्रेंड्स! एका दमात रीलोडेड, फक्त तुमच्यासाठी!" असलं वाक्य त्यांनी जन्मात उच्चारलं नव्हतं.

"तो मी नाही," बापू म्हणाले.

"आवाज तुमचा आहे ना? मग तक्रारही तुमच्याकडेच," परांजपे म्हणाले आणि झोपायला गेले.

बापूंनी निहारला फोन लावला. तो म्हणाला, "सर, एआय आहे. तुम्हाला त्रास नको म्हणून केलं. आता तुम्ही घरी आराम करा, काम तुमचा आवाज करेल."

"आणि पहिला प्रश्न?" बापूंनी विचारलं.

"तो फिक्स आहे, सर! तुम्ही स्टेजवर आहातच!"

दत्ता त्यांना म्हणाला, "जाऊ नका." मीही म्हटलं. बापू म्हणाले, "अरे, जाकीट शिवून झालंय."

* * *

पहिल्या भागाच्या शूटिंगला मी आणि दत्ता दोघंही गेलो, प्रेक्षकांत बसलो. बापूंना आतून आणलं तेव्हा मला क्षणभर ओळखू आले नाहीत. मेकअपवाल्यांनी त्यांचे पांढरे केस आणखी पांढरे केले होते. जाकीट छान बसलं होतं. खुर्ची तिथेच होती, दिव्यांत झगमगत. बापू सरळ तिच्याकडे चालायला लागले.

अर्णवने त्यांचा दंड धरला आणि हसत हसत दुसरीकडे वळवलं. "सरप्राइज, बापू! आज तुम्ही आमचे स्पेशल स्पर्धक! इकडे, इकडे!"

स्पर्धकांची दोन टेबलं होती. एकावर रील्स करणारा एक कुरळ्या केसांचा मुलगा, दुसरं बापूंसाठी. बापू तिथे थांबले, खुर्चीकडे बघितलं, मग समोर आमच्याकडे. निघून या बापू, आत्ताच्या आत्ता निघून या, असं मी मनात ओरडत होते. पण समोर लोक बसलेले असताना बापू स्टेज सोडून कधी गेलेले नाहीत. ते टेबलामागे जाऊन उभे राहिले. टेबलावर एक दिवा लागला.

खेळ सुरू झाला. बापूंची पहिली चार उत्तरं बरोबर आली. येणारच, प्रश्न शनिवारवाड्याच्या जातीचेच होते. लोक ओरडायला लागले. दत्ताने माझा हात घट्ट धरला.

"आणि आता पाचवा प्रश्न!" अर्णव म्हणाला. "ऐका आणि ओळखा, हा आवाज कोणाचा?"

स्पीकरमधून आवाज आला, "हाय पुणेकर! तय्यार आहात ना? चला, मेंदूचा मीटर डाऊन करू या!"

सगळा हॉल हसला. बापू हसले नाहीत.

"पुन्हा ऐकवता?" त्यांनी विचारलं.

पुन्हा ऐकवलं. बापूंनी मान तिरकी करून, डोळे मिटून ऐकलं. खरोखर विचार करत होते.

"नाही," ते म्हणाले. "असं बोलणारा माणूस माझ्या ओळखीत नाही."

भोंगा वाजला.

"ओह्हो! चूक!" अर्णव कानावर बोट दाबत म्हणाला. "नियम म्हणजे नियम, बापू!"

बापूंच्या टेबलावरचा दिवा विझला. प्रश्न शेजारच्या टेबलाकडे गेला.

"बापू!" कुरळ्या केसांचा मुलगा क्षणात म्हणाला.

"एकदम बरोबर उत्तर!"

टाळ्यांची खूण करायला कोपऱ्यात उभ्या केलेल्या मुलीने हात वर केला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अंधारात बापूंनीही वाजवल्या.