कुसुमच्या बघण्यातली विषम पंगत

माझ्या सख्ख्या बहिणीचं लग्न मी गणिताने जवळजवळ मोडलं होतं.

तेव्हा मी रत्नागिरीत प्राथमिक शाळेवर नवा मास्तर होतो. त्याच आठवड्यात वर्गाला सम-विषम शिकवलं होतं. चिंचोके जोडीजोडीने मांडायचे. काही उरलं नाही तर सम, एक उरला तर विषम. एवढ्या ज्ञानावर मी घरातही मान ताठ करून फिरत होतो! देवरूखची मंडळी कुसुमला बघायला येणार असं ठरलं, तेव्हा आत्याने मला बजावलं, "दामू, फराळाला माणसं विषम बसली पाहिजेत हो! सम बसली की बोलणी फिसकटतात." (हे कुठल्या शास्त्रात आहे, असं आत्याला विचारायची आमच्या घरात कोणाची छाती नव्हती.)

"गणित माझ्यावर सोड, आत्या!" मी म्हटलं.

मंडळी आली. मुलगा, त्याचे वडील आप्पा, आई आणि मामा, असे चार. आमच्याकडून बाबा, आत्या आणि मी. सात! मी आत्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. आई आणि कुसुम आत स्वयंपाकघरात होत्या.

पोह्यांच्या ताटल्या आल्या आणि आप्पांनी भाड्याच्या मोटारीकडे बघून हाक मारली, "ओ ड्रायव्हर, तुम्हीपण या. उपाशी कशाला बसताय बाहेर?"

आठ!

आत्याने डोळे वटारले. मी मागच्या दाराने धावलो आणि शेजारच्या नानांना अक्षरशः ओढत आणून बसवलं. पण मी कुठे गेलो हे आत्याला काय ठाऊक? एक माणूस कमी करावं म्हणून ती तेवढ्यात आत निघून गेली होती. मी डोकी मोजली. पुन्हा आठ!

"नाना," मी त्यांच्या कानाशी लागलो, "जरा उठता का?"

"अरे, आत्ताच बसवलंस ना?" त्यांच्या तोंडात दडप्या पोह्यांचा पहिला घास होता.

"तुमच्यामुळे सम होतंय."

"काय होतंय?"

"सम!"

नाना ताटली खाली ठेवून निघून गेले. बापाच्या वयाच्या माणसाला मी भरल्या ताटलीवरून उठवलं होतं. माझे कान तापले. तेवढ्यात आत्या परत येऊन बसली! (आतून तिला आठ डोकी दिसली होती; ती बिचारी नववी व्हायला आली होती.) झालं, पुन्हा आठ. मी निमूटपणे उठलो. नेमके त्याच क्षणी बाबाही उठले.

सहा!

"मास्तर," आप्पांनी हातातला चमचा खाली ठेवला, "तुमच्याकडे बसून खायची चाल नाही का? की आम्ही निघावं?"

बाबांचा चेहरा उतरला. मी जमिनीकडे बघत सगळं सांगून टाकलं; आत्याचं शास्त्र, माझी मोजणी, नानांचा घास. मुलाचे मामा टोपी शोधू लागले.

"दादा," दारातून आवाज आला. कुसुम चहाचा ट्रे घेऊन उभी होती. "ड्रायव्हर आले तेव्हा तुम्ही आठ होतात. मला धरलंस का?"

नव्हतं धरलं. जिला बघायला सगळे जमले होते, तीच माझ्या हिशेबात नव्हती.

"मी येऊन बसणारच होते ना? म्हणजे नऊ. विषमच होतं की!"

आप्पा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मामांनी टोपी परत ठेवली. मी मात्र नानांच्या पायऱ्या चढून गेलो, हात जोडून माफी मागितली आणि त्यांना परत घेऊन आलो. त्यांनी येताना दारातच विचारलं, "आता नक्की बसू ना?"

आठ दिवसांनी देवरूखहून पत्र आलं : 'मुलगी पसंत आहे. लग्नापूर्वी तिने आपल्या भावाला सम-विषम शिकवून यावे, एवढीच आमची अट.' बाबांनी ते पत्र आळीतल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. नानांना तर दोनदा!

दोन ही सम संख्या आहे, हे मात्र मी कोणालाही न विचारता ओळखलं.