चिमूटभर खाणं

त्या माणसावर आलेला ठपका खरं तर माझा होता. नव्वदच्या दशकात मी बारामतीच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. तिथे खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी होती. ती सांभाळायला पळसदेवचा एक माणूस दर रविवारी येई. आल्याआल्या काचेला कान लावून पंपाचा आवाज ऐके, मगच बोले.

शेवाळ वाढू लागलं तेव्हा तो म्हणाला, "तात्या, खाणं एक दिवसाआड टाका. उरल्यालं खाणंच शेवाळाला पोसतंय."

मी मान डोलावली. पण मासे काचेशी आले की राहवत नसे. मी रोज चिमूटभर टाकत राहिलो आणि टाकी हिरवीगार झाली.

डॉक्टर त्याच्यावर चिडले. "जमत नसेल तर दुसरा माणूस बघतो."

त्याने खाण्याचा डबा उचलून हातात तोलला, माझ्याकडे पाहिलं आणि डबा जागेवर ठेवला. "माझंच चुकलं आसंल, डॉक्टर."

मी औषधाच्या पुड्या बांधत राहिलो. त्याचं काम गेलं.

जाताना तो मला हळूच म्हणाला, "काचंशी येत्यात ती भूक न्हाय, तात्या. सवय हाय."

मग मी हात आवरला. महिन्याभरात काच स्वच्छ झाली. "टाकी तुम्हीच सुधारलीत, तात्या," डॉक्टर म्हणाले.

तेव्हाही मी मान डोलावली.