गोंदाची बडदास्त

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला आम्ही पाठीमागे चिमटेराव म्हणतो. पोस्टाचं तिकीट बोटांनी उचलणं त्याच्या लेखी महापाप, चिमटाच हवा. तिकिटंही कुठली, तर अमेरिकेची, शंभर वर्षांपलीकडची. अमेरिका या गृहस्थाने पाहिलेली नाही आणि जन्मात कुणाला धड एक पत्र लिहिलेलं नाही. जमीनमोजणीच्या कचेरीत कारकुनी केली, निवृत्त झाला आणि तेव्हापासून भिंग लावून तिकिटांवरच्या परक्या म्हाताऱ्यांची टकलं न्याहाळत बसतो.

त्यातही जीव चित्रावर नाही, गोंदावर! पाठीवरचा मूळ गोंद शाबूत, कुणाची जीभ न लागलेली, तर ते तिकीट 'कोरं'. लोक लेकीचा पहिला नंबर सांगतात ना, त्या तोऱ्यात तो हा शब्द उच्चारतो.

घर दोन खोल्यांचं. पुढची कोरडी, मागचीच्या भिंतीला बारमाही ओल आणि बुरशी. कोरडीत तिकिटं, ओलीत बहीण, आणि हा स्वतः दोन्हींच्या मधल्या बोळात, पहारेकऱ्यासारखा. बहिणीची छाती घरघरायला लागली. आणखी एक हिवाळा त्या खोलीत काढलात तर दमा कायमचा, असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा मी तडक तिच्या घरी गेले.

"तिची कॉट आजच्या आज पुढे आणा," मी म्हटलं.

"ताई, तुम्हाला नाही कळायचं. माणसाच्या श्वासात वाफ असते. गोंद धरतो ती."

"मग तुम्ही बंद करा श्वास!"

"तुमचं आपलं काहीतरीच," म्हणत त्याने तिकिटांचं कपाट किलकिलं केलं. ओल मारायला आत रात्रंदिवस बल्ब जळत होता. तेवढ्यात बहीण खोकली.

"अगं, तोंड तिकडे कर!" हा ओरडला.

आणि तिने केलं. धन्य ती बाई!

मी निघणार, तोच तिकिटांचा व्यापारी आला. चिमटेरावाने मोठ्या मिजाशीत वही पुढे सरकवली. व्यापाऱ्याने एक तिकीट उलटं केलं, दुसरं केलं आणि कपाळाला हात लावला.

"साहेब, कसला हा घात? गोंद तडकलाय सगळा. भेगा कागदात उतरल्यात."

"पण मी तर अगदी कोरड्यात..."

"कोरडं कसलं, भट्टी आहे ही! गोंदाला थोडा ओलावा लागतो हो."

'थोडा' हा शब्द त्याच्या कानापर्यंत पोचलाच नाही. व्यापाऱ्याची पाठ वळते न वळते तोच चिमटेरावाने बल्ब विझवला, बायकोची गादी-कॉट ओढत पुढच्या खोलीत आणली आणि सगळ्या वह्या मागच्या ओल्या भिंतीशी नेऊन रचल्या. जी गोष्ट डॉक्टरांच्या सांगण्याने झाली नाही, ती गोंदाच्या काळजीने तासाभरात झाली.

बहीण कोरड्या खोलीत टेकली. भरल्या डोळ्यांनी मला म्हणाली, "बघितलंस ना ताई? वरून कडक वाटतात, पण जीव आहे हो माझ्यावर."

त्या भिंतीशी महिन्याभरात सगळी तिकिटं वहीला घट्ट चिकटणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी मात्र तोंडाला कुलूप घातलं. एक शब्द बोलले असते, तर गादी पुन्हा मागे गेली असती.